चौऱ्याहत्तरचा पट्टा

मॅसिलन, ओहायो
१९ जुलै

प्रिय बाबा,

मी ठणठणीत आहे. झोपायला शाळेच्या जिमची फरशी, जेवण पोटभर. आईचा गुडघा कसाय?

तुझ्या पत्रात पुन्हा तेच! "खरं ड्रम कोअर, खरं चालतं ड्रम-बिगुल पथक, आमचं चौऱ्याहत्तर सालचं; तुमचा नुसता माईकवाला तमाशा." वीट आलाय, बाबा. पुढच्या वर्षी वयाची अट आड येईल. हा माझा पथकातला शेवटचा उन्हाळा, आणि तू एकदाही आला नाहीस.

काल सरावात माझा ड्रम अडकवायची खांद्यावरची चौकट मोडली. बघायला आलेल्या एका म्हाताऱ्याने आपला जुना चामडी पट्टा दिला, अगदी तुझ्या पट्ट्यासारखा. चार तास ड्रम मांडीवर आपटत असताना मी चालले. मांडी काळीनिळी झालीय.

चौऱ्याहत्तरच्या एवढ्या बढाया मारल्यास, हे कधी का नाही सांगितलंस?

शनिवारी स्पर्धेला ये. भांडायला तरी ये.

तुझीच, वैतागलेली
रेनाटा