सतरा इंची पंखा

मंगळवार, बारा तारीख
सकाळची दुसरी फेरी झाल्यावर, धक्क्यावरून

साडूभाऊंस,

सप्रेम नमस्कार. आम्ही दोघं बरे आहोत, तुमचा खोकला कमी झाला असेल अशी आशा करतो. आठ महिने तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र. तुमच्या घरच्या, म्हणजे आमच्या ताई, रोज माझ्याच बोटीने पलीकडे हॉस्पिटलात जातात, तेव्हा त्यांच्याच हाती देतोय. आधी त्या वाचणार, मगच पोचवणार, अशी त्यांची अट आहे. मान्य केली. त्या तिथल्या मुख्य नर्स. त्यांच्यापुढे डॉक्टरांचं काही चालत नाही, तिथं माझी काय कथा.

पत्राचं विशेष कारण नाही. तुमचा चौदा नंबरचा पाना माझ्याकडे राहिलाय, एवढंच.

पाना शोधताना पंख्याचा विषय निघाला. म्हणजे माझ्याच मनात निघाला. नवी मोटार बोटीला लावली तेव्हा तुम्ही म्हणालात, तेरा इंची पिचचा पंखा घाल, पंख्याच्या एका फेऱ्यात बोट कमी पुढे जाईल पण ओझं ओढेल. मी सतरा इंची आणला. सतरा तेरापेक्षा मोठे, एवढं मी शाळेत शिकलो होतो. मग अख्ख्या धक्क्यासमोर एकटा बोटीत बसून नदी चिरत गेलो, परत आलो आणि तुम्हाला म्हणालो की तुम्ही आपले गॅरेजात पंक्चर काढा. सगळे हसले. तुम्ही शांतपणे विचारलंत, "रोज एकटाच जाणार आहेस का?" आणि हत्यारांची पेटी उचलून निघून गेलात.

पहिल्याच सोमवारी दहा नर्स बसल्या आणि बोटीने नाक जे वर केलं ते खाली घेईचना. सायकलवर पोतं लादून अवघड गिअरमध्ये चढ चढावा तशी मोटार कण्हत होती. मोटारीचा काटा मिनिटाला साडेपाच हजार फेऱ्यांवर जायला हवा, तो चार हजारांवर ठाण मांडून बसला. बारा मिनिटांच्या वाटेला वीस मिनिटं लागायला लागली. मी दोष कुणाकुणाला दिला म्हणून सांगू! प्रवाहाला दिला, पेट्रोलला दिला, एकदा तर नर्सबाईंच्या जेवणाच्या डब्यांना दिला. ताईंनी तेव्हा माझ्याकडे असं पाहिलं की नदीत उडी मारणं सोपं वाटलं.

आता खरं सांगतो. मागच्या महिन्यात हॉस्पिटलने कळवलं की भरल्या बोटीने बारा मिनिटांत पोचवा, नाहीतर एक तारखेपासून दुसरी बोट. पायाखालची वाळू सरकली. मोटार लावली त्या दिवशी तुम्ही सोबत आणलेला तेरा इंची पंखा शेडमध्येच पडून होता. पोत्यातून काढला तर आत तुमच्या अक्षरातली चिठ्ठी: "माणसं भरून मग बघ." म्हणजे तुम्हाला सगळं आधीच माहीत होतं! गुपचूप बसवला. दहा नर्स, वर हॉस्पिटलचे साहेब. अकरा मिनिटं लागली, काटा साडेपाच हजारांना जाऊन टेकला.

साहेब खूश. त्यांनी विचारलं, "हे बसवलं कुणी?"

मी म्हणालो, "मीच."

ताई बोटीत होत्या, ही धक्क्यावर उभी होती. दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. त्या दिवसापासून घरात माझ्याशी बोलणं बंद आहे. जेवायला बोलवायचं असलं की ही स्वयंपाकघरात भांडं आपटते.

पण हे पत्र मी तिला घाबरून लिहीत नाही. थोडं तिला घाबरूनही लिहितोय. मला लाज वाटते, साडूभाऊ. सोळा वर्षं माझी प्रत्येक मोटार तुम्ही दुरुस्त केलीत, कधी बोलून दाखवलं नाहीत, आणि मी चार लोकांत तुमचा पाणउतारा केला. वर तुमच्याच पंख्यावर शाबासकी घेतली. आज सकाळी बोट भरल्यावर मी उभा राहिलो आणि सगळ्यांना सांगितलं की पंखा माझ्या साडूंनी निवडला, अक्कलही त्यांचीच, मी फक्त नट आवळले. साहेबांनाही फोन करून तेच सांगितलं. बोटीत कुणी हसलंसुद्धा नाही. एक पोरगेली नर्स म्हणाली, "आम्हाला माहीत होतं, काका."

आणखी एक राहिलंच. तेरा इंची लावल्यापासून वळणावर मोटार किंचाळते, पंखा पाण्याऐवजी हवा ओढतो. मोटार बोटीच्या मागच्या फळीवर एक भोक खाली घेतली की थांबेल, एवढं तुमच्या हाताखाली राहून मलाही कळतं. चार बोल्ट, अर्ध्या तासाचं काम. मी वळणावर वेग कमी करतो, मागून येणाऱ्या बोटवाल्यांच्या शिव्या खातो, पण त्या बोल्टना हात लावलेला नाही. ते काम तुमचं आहे.

वळणावर हळू जाणारा,
तुमचा साडू