जुन्या डोळ्याचा उजेड

म्हसावद, ता. शहादा
१२ जानेवारी २०२५

चि. रुचिका हीस म्हसावदहून आप्पांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्राला फार उशीर झाला, आजोबावर रागावू नकोस. तुझं चित्र दिवाळीनंतर लगेच मिळालं होतं. रोज लिहीन म्हणायचो आणि रोज नवी काळजी पुढं यायची. आधी थंडीनं बोटं आखडली, मग नवनीत तापानं पडला (मामा आता बरा आहे, आईला घाबरवू नकोस), आणि मग हे डोळे. अक्षर मोठं आणि ओळी वर चढलेल्या दिसतील, सांभाळून घे. चित्र फोनवर नको, टपालानं पाठव, असं मीच सांगितलं होतं. फोन सगळ्या रंगांना तूप चोपडून दाखवतो. पण टपालात कागद मुडपेल म्हणून तो येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

नंदुरबारची मिरचीची पथारी तू छान निवडलीस. तू लहान असताना तुझी आजी आणि मी तुला तिथं घेऊन गेलो होतो. एवढं मोठं मैदान वाळत घातलेल्या मिरच्यांनी झाकलेलं बघून तू आधी टाळ्या पिटल्यास, मग शिंकून शिंकून रडलीस. आजीनं पदरानं तुझं नाक धरलं ते थेट एसटीत बसेपर्यंत.

पण पोरी, मला तुझी सगळी पथारी एकाच रंगाची दिसते, विटेच्या चुऱ्यासारखी. हे तुझ्या हातामुळं की माझ्या मोतीबिंदूमुळं, ते सांगता येत नाही. हाच घोर लागलाय.

तरी मला येतं तेवढं सांगतो. सातवीपर्यंत शिकलेला माणूस मी, जास्त काही नाही. पाण्याची दोन भांडी ठेव, एक ब्रश धुवायला आणि एक स्वच्छ. पांढरा रंग विकत घेऊ नकोस. आपला पांढरा म्हणजे कोरा कागद, तो आधीच राखावा लागतो, मागाहून आणता येत नाही. एकदा फिरवलेल्या जागी पुन्हा पुन्हा ब्रश फिरवलास तर रंग मरतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुसरा रंग वाफशावर टाक. मग तो आपोआप पसरतो आणि आपोआप थांबतो.

मी सकाळी ओट्यावर चित्र काढायला बसलो की तुझी आजी अंगण झाडायची नाही. ओल्या रंगावर धूळ बसेल म्हणून. "तुम्हनं चित्र वाळत नही तवलोंग मी झाडू लावाव नही," म्हणायची. शेजारणी हसायच्या, की निर्मलाबाईचं अंगण ऊन चढेपर्यंत पारोसं.

गॅस बंद करून झोपत जा. आईला आशीर्वाद. माया आहे, ती अशीच राहू दे.

तुझे,
आप्पा

*

नाशिक
२१ जानेवारी २०२५

ती. आप्पांना रुचिकाचा सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं. दोन भांडी ठेवली, पांढऱ्या रंगाची ट्यूब माझ्याबरोबर राहणाऱ्या दिपालीला देऊन टाकली. मग चहाचं पातेलं उकळलं आणि कागद वाफेवर धरला. आधी कडा कुरळ्या झाल्या, मग रंग ओघळून चहात पडला. दिपाली म्हणते, तुझे आजोबा चित्रकार आहेत की इडलीवाले. आप्पा, वाफशावर म्हणजे किती वेळ धरायचं, ते सांगितलंच नाहीत तुम्ही.

आता दुसरं. आईनं सगळं सांगितलं. नंदुरबारच्या दवाखान्यात ऑपरेशनसाठी डोळ्यांत थेंब घातले, सगळी तयारी झाली, आणि तुम्ही लघवीला जाऊन येतो म्हणून निघालात ते निघालातच. मामा रिक्षा स्टँडवर, एसटी स्टँडवर तुम्हाला शोधत फिरला. हे शोभतं का? मी लहानपणी इंजेक्शनला पळाले तर तुम्ही सगळ्या गल्लीला सांगितलं होतं. आता मी सगळ्या नाशिकला सांगणार आहे.

कुठे गेला होतात आणि का, ते खरं लिहा.

तुमची लाडकी,
रुचिका

*

म्हसावद
३० जानेवारी २०२५

चि. रुचिकास आप्पांचे आशीर्वाद. वि. वि.

हात भाजला नाही ना? ते आधी कळव. तुझं पत्र नवनीतनं मोठ्यानं वाचलं आणि हसता हसता त्याला ठसका लागला. अगं, वाफसा म्हणजे वाफ नव्हे. रानाला पाणी दिलं की लगेच पेरत नाहीत, चिखल होतो. फार वाळू दिलं तर ढेकळं होतात. मधे एक वेळ येते, माती ओली असते पण पायाला चिकटत नाही. तो वाफसा. कागदाचंही तसंच. पाण्याची चकाकी गेली, पण उलटं बोट लावलं तर गार लागतो, तेव्हा दुसरा रंग टाकायचा. तू शहरात वाढलीस, चूक तुझी नाही. मला वाटलं हा शब्द सगळ्यांना येतो.

आता पळण्याचं. मी पथारीवर गेलो होतो. ऑपरेशनच्या आधी लाल रंग एकदा बघून घ्यावा म्हणून. पण डोळ्यांत थेंब घातलेले, सगळं मैदान पाणी जास्त झालेल्या चित्रासारखं फुटलं. काहीच धड दिसलं नाही. शिंका मात्र आल्या.

समोरच्या फुलसिंगचं गेल्या वर्षी ऑपरेशन झालं. घरी आल्यावर तो बैलाकडं बघत राहिला आणि मुलाला विचारायला लागला की मन्हा बैल कोनी बदलना? त्याला तो पिवळसर वाटायचा आणि निघाला पांढरा. गाव हसलं. मी हसलो नाही. सगळं आयुष्य शेतातून आल्यावर मी रंगच कालवत आलो. उद्या डोळा बदलला आणि माझाच लाल मला ओळखू आला नाही, तर या वयात पुन्हा कुठून शिकू? धूसर दिसतं ते दिसू दे, ओळखीचं तरी आहे.

रागावू नकोस.

तुझे,
आप्पा

*

नाशिक
६ फेब्रुवारी २०२५

ती. आप्पांना सा. न. वि. वि.

हात भाजला नाही. मी रागावलेही नाही, पण घाबरले आहे. संक्रांतीला तुम्ही ओट्याची पायरी चुकलात, हे आईनं सांगितलं, तुम्ही नाही. पुढच्या खेपेला कंबर मोडली तर रंग कुठे बसून कालवणार?

परका वाटेल तो रंग मी ओळखीचा करून देईन. तुम्ही मला वाफसा शिकवलात, आता तो कळतो. तुम्हाला नव्या डोळ्यानं शिकावं लागलं तर आपण दोघं बरोबर शिकू. पण डोळा झाल्याशिवाय माझं एकही चित्र म्हसावदला येणार नाही. बघायचंच नसेल त्याला दाखवून काय करू?

मामाला नमस्कार. थेंब घातल्यावर त्यानं तुमचा हात सोडू नये, असा माझा निरोप.

रुचिका

*

म्हसावद
२ मार्च २०२५

चि. रुचिका हीस आप्पांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

उजवा डोळा झाला. नवनीतनं खरंच हात सोडला नाही, मी लघवीला गेलो तरी दाराबाहेर उभा. पट्टी काढली आणि पहिल्यांदा त्याचा सदरा दिसला, इतका पांढरा की मी विचारलं, नवा घेतलास का. जुनाच होता.

घरी आल्यावर तुझी पथारी काढली. त्यात तीन लाल आहेत ग. ओल्या मिरचीचा वेगळा, वाळलेलीचा वेगळा, आणि सावलीतला जांभळट. मग माझी अलीकडची चित्रं बघितली. सगळी आभाळं शाईच्या दौतीसारखी निळी, जुन्या डोळ्याला निळा फिका दिसायचा म्हणून मी ओततच गेलो. नवनीत नुसतं म्हणायचा, आप्पा, आभाळ जोरदार शे. मला वाटायचं कौतुक करतोय.

काल सकाळी ओट्यावर बसलो होतो. सहज उजवा डोळा झाकला आणि डाव्यानं बघितलं. सगळं अंगण हळदीच्या पाण्यातून काढल्यासारखं. डावा झाकला की चुना. असं किती वेळ करत बसलो होतो कोण जाणे, सुनेला वाटलं मी कुणाला डोळा मारतोय.

रुचिका, तुझी आजी शेवटची दोन वर्षं ओट्याच्या खांबाला टेकून तूर निवडायची. तिचे पिकलेले केस मला तुपासारखे दिसायचे. आता कळतं, ते पांढरे असणार. पण मी तिला त्या हळदीच्या उजेडातच बघितलं. नव्या डोळ्यानं मी तिला कधी बघितलेलीच नाही.

डाव्या डोळ्याची तारीख २४ मार्च पडली आहे. मी पळणार नाही, शब्द देतो. पण त्यानंतर तो उजेड कुठंच उरणार नाही. मला तो खांब आणि ते अंगण त्याच उजेडात कागदावर उतरवायचं आहे, आणि एकट्याला जमत नाही. डाव्या डोळ्याला रंग दिसतो पण ब्रशचं टोक दिसत नाही. उजव्याला टोक दिसतं पण रंग भलताच. म्हणून तू ये. मी उजवा डोळा झाकून बसतो, तू रंग कालव. अजून पिवळा, अजून थोडा, असं मी सांगत जाईन, आणि थांब म्हटलं की थांब.

रजा मिळत नसेल तर एक दिवसाची काढ. गाडीत खिडकीशी बसून वारा लागू देऊ नकोस, रात्रीची येऊ नकोस. कोणत्या दिवशी निघतेस, तेवढं लगेच कळव. फोनवर कळवलंस तरी चालेल.

वाट बघणारे,
आप्पा