साडूचं इंजिन

२० एप्रिल
सासरी भडगावहून आत्ताच परत. धाकटा मेहुणा वना याचं लग्न ४ मेला, पिंपळनेरला. नवरदेवाची गाडी कोणाची, असा विषय निघाला. थोरला जावई मी. विषय निघायलाच नको होता. पण धुळ्याचे आमचे साडू हेमराज यांनी, कोणी विचारलेलं नसताना, स्वतःच्या गाडीचं बॉनेट उघडलं. इंजिन घासलेल्या परातीसारखं. सासरे लोटनआबा दोन मिनिटं वाकून बघत होते. मग माझं बॉनेट उघडायला लावलं. आत तेल, धूळ आणि चिमणीचं घरटं. आबा म्हणाले, "ज्यानं इंजिन साफ, त्यानी गाडीमा वना बसी. आखाजीले देखसूत."
खरं लिहायचं तर पोटात दुखलं. मत्सर नव्हे. भजी तेलकट होती.

२१ एप्रिल, सकाळी ७
संकल्प. इंजिन घरीच धुणार. चार व्हिडिओ पाहिले. इंजिन थंड हवं. बॅटरीची मायनस वायर काढायची. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, एअर फिल्टर प्लास्टिकमध्ये घट्ट बांधायचे. पाण्याला जोर नको. हेमराजला जमतं म्हणजे सोपंच असणार.

२३ एप्रिल
बायकोने, कामिनीने, मला न विचारता हेमराजला फोन केला. ते म्हणाले म्हणे, पाणी मारूच नका, कोरड्या ब्रशने झाडा, ओल्या फडक्याने पुसा, मी तेवढंच करतो. म्हणजे खरी युक्ती लपवली. नुसतं पुसून एवढी चमक येते होय? माणूस आतल्या गाठीचा. कामिनी म्हणते, किती मोकळ्या मनाने सांगितलं. सतरा वर्षांत माझ्या मनाबद्दल ती असं काही बोललेली नाही.

२५ एप्रिल
आज नाही. इंजिन थंड हवं, आणि एप्रिलात आमच्या दीपनगरला माठाशिवाय काही थंड नसतं. उद्या पहाटे.

२६ एप्रिल
जाग साडेनऊला. अलार्मचा आवाज फार सौम्य आहे.

२७ एप्रिल
घरात धड प्लास्टिक नाही. ऑफिसातल्या तोतारामची केळीची बाग आहे. त्याने फवारणीचा पंप दिला आणि केळीच्या घडाला घालतात त्या पांढऱ्या पिशव्याही. जी पिशवी अख्खा घड सांभाळते, तिला अल्टरनेटर जड आहे का? हेमराजला हे सात जन्मांत सुचलं नसतं.

२८ एप्रिल, सकाळी ८
धुतलं. मायनस वायर काढली नाही, घड्याळ परत लावत बसावं लागतं. इंजिन लखलखतंय. फोटो सासरच्या ग्रुपवर टाकला. पहिला अंगठा हेमराजचा. जळत असणार बिचारा.
८.४०. चावी फिरवली. टिक्.
९.१५. टिक्.
९.३०. डॅशबोर्डवरचे होते नव्हते तेवढे सगळे दिवे लागले. चांगलं लक्षण आहे.

२९ एप्रिल
अतिकभाई मेकॅनिक आले. पिशव्या काढून पिळल्या. बरंच पाणी निघालं. फ्यूज बॉक्समध्येही पाणी, अल्टरनेटर गेला, नवा यायला आठ दिवस. पिशव्यांची क्वालिटी आता पूर्वीसारखी राहिलेली नाही.

३० एप्रिल, आखाजी (अक्षय्य तृतीया)
भडगावला एसटीने. आबांपासून लपवणार होतो, पण कामिनीने फोनवर आधीच सांगून टाकलेलं. आबांची स्वतःची चार एकर केळी. म्हणाले, "जवाईबापू, ती पिसवीमाईन वारा-पानी जावालेच पाहिजे, नही ते घड सडी जाई. तुमले बठ्ठं समजस, हाईच कसं नही समजनं?" सगळे हसले. हेमराज तेवढे हसले नाहीत. हसले असते तर निदान भांडता आलं असतं.

४ मे, पिंपळनेर, दुपारी ३
गाडी अर्थातच हेमराजची. थोरल्या जावयाला शोभेल असा नवा पांढरा शर्ट, पांढरी पँट घालून मी वऱ्हाडाच्या बसकडे निघालो होतो. तेवढ्यात हेमराजने सगळ्यांसमोर किल्ली माझ्या हातात ठेवली. तुम्ही थोरले, मान तुमचा, तुम्हीच चालवा. आणि स्वतः बायकोला, मेघाला घेऊन बसमध्ये जाऊन बसले. आबांचे डोळे भरून आले. हा माणूस मला धड रुसूही देत नाही.
भडगावपासून इथपर्यंत मीच चालवली. वाटेत ठरवलं, नवरीकडचे पुढे आले की आधी नमस्कार, मग ओळख: थोरला जावई.
आले. वनाला हार घातला. तेवढ्यात बस पोचली. त्यांनी हेमराजला टोपी, टॉवेल, नारळ दिलं, थोरले जावई समजून. मी स्टिअरिंगमागून उतरलो. नवरीची आत्या बेबाबाई माझ्याकडे आली आणि फार मायेने म्हणाली, "ड्रायव्हरभाऊ, गाडी सावलीमा लावा, मंग जेवी ल्या."
लावली. जेवायला बसलो. शेजारी वऱ्हाडाच्या बसचा ड्रायव्हर होता. त्याने भाजी माझ्याकडे सरकवली आणि विचारलं, "तुमना मालक कसा शे?"
माणूस चांगला आहे, असं मला सांगावं लागलं.