चौकोनी कंसातले मामा

तीर्थरूप मामांना भाच्याचा साष्टांग नमस्कार. (खरोखरच जमिनीवर पालथा पडून लिहितोय, अक्षर वाकडं वाटलं तर समजून घ्या.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला?

कादंबरी छापायला देण्याआधी सगळी एकदा मोठ्याने वाचून काढ, असं तुम्ही बजावलं होतं. तेव्हा मी, लिहितो तो लेखक आणि परत वाचतो तो कारकून, असलं काहीतरी बोललो होतो. माझी पद्धत अशी, की लिहिताना एखादी जागा अडली की चौकोनी कंसात स्वतःलाच सूचना लिहायची आणि पुढे पळायचं. कंस मागाहून काढायचे. ते मागाहून काही आलं नाही. (प्रकाशकाची घाई होती, असं मी लोकांना सांगतो. खरं तर कंटाळा.) अक्षरजुळणी करणारा गृहस्थ इतका प्रामाणिक, की त्याने सगळं जसंच्या तसं छापलं. पान एकतीसवर नायिका घर सोडते आणि लगेच कंसात ‘इथे वाचकाला रडवणे’. पान चौसष्टवर ‘हा डॉक्टर मागे मेला होता का? बघणे’. मेला होता. तरी येऊन इंजेक्शन देऊन गेला. एका समीक्षकाने याला धाडसी प्रयोग म्हटलं, तेव्हा दोन दिवस मीही कॉलर ताठ करून फिरलो.

मग मामींचा फोन आला. तुम्ही पान एकशे बारापर्यंत पोचलात म्हणे. तिथे छापलंय, ‘आपल्या मामांसारखा माणूस घालणे. तेच ते किस्से सांगतो, कोणी ऐकत नाही. नाव बदलणे.’ तेव्हापासून तुम्ही जेवताना काही सांगायला लागता आणि मध्येच गप्प होता, असं मामी म्हणाल्या. कादंबरीत लोकांना जे जे आवडलंय, ते सगळं तुमच्या किश्श्यांतून उचललेलं आहे. म्हणजे एक जण तरी ऐकत होता.

तुमचा,
भाचा

ता. क. दुसऱ्या आवृत्तीच्या दुरुस्त्यांना आठ दिवस मिळालेत. रविवारी बाड घेऊन येतो. तुम्ही मोठ्याने वाचा, मी खोडतो. मध्ये एखादा किस्सा आठवला तर वाचन थांबवा. ऐकलेला असला तरी चालेल.

ता. क. दुसरा. हे पत्र आधी आठ पानी होतं. तीनदा वाचून सबबी काढल्या, तेव्हा एवढं उरलं. मग हिला दाखवलं, तर हिने विचारलं, “यात माफी कुठे मागितलीय?” पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचलं. कुठेच नव्हती. मामा, माझं चुकलं.