इंजिन गार होईपर्यंत

सोमवार, ता. ३

आज सामानासकट या घरात राहायला आलो. दोन पेट्या, हत्यारांचा डबा आणि चाळिशी उलटलेला मी, एवढाच ऐवज. लग्नाला नऊ दिवस झाले. बायकोने सगळं घर हिंडून दाखवलं. झोपायची खोली वर आहे, ऐसपैस, खिडकीतून रस्ता दिसतो. पण खरा खजिना त्या खोलीच्या बरोबर खाली. गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली दोन माणसांची, गडद हिरवी, जमिनीला पोट टेकेल इतकी बसकी स्पोर्ट्स कार. बायकोच्या आधीच्या, वारलेल्या नवऱ्याची. मी त्याला ‘पहिला’ म्हणतो. ती काहीच म्हणत नाही.

नवी बॅटरी टाकून गाडी सुरू करून पाहिली. डब्यात खिळे हलवावेत तशी खडखड. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारे भाग, सैल झालेत. बायको म्हणाली, विकून टाका हो, मला ती डोळ्यांसमोर नको. मी म्हटलं, अशी खडखडती गाडी कोण घेईल? टॅपेट मी घरीच सेट करतो, मग जाऊ दे तिला तिच्या वाटेने. ती बरं म्हणाली. ही गाडी गेली की या घरात आम्ही दोघंच उरू.

काम तसं सोपं. इंजिनच्या डोक्यावर आठ व्हॉल्व्ह, प्रत्येकाला केसाएवढी फट हवी. फिलर गेजची, म्हणजे ठरलेल्या जाडीची पोलादी पाती फटीतून ओढून बघायची. फट जास्त झाली तर खडखड, कमी झाली तर व्हॉल्व्ह जळतो. अट एकच, इंजिन रात्रभर थांबून पूर्ण गार झालेलं हवं. गरम लोखंड फुगतं आणि माप खोटं येतं. बावीस वर्षं मी कारखान्यात माल तपासलाय. खोट्या मापावर आपण सही करत नाही.

बुधवार, ता. ५

कालपासून गॅरेज साफ करतोय. काम सुरू करण्याआधी जागा स्वच्छ हवी, नाहीतर एक नट पडला की दिवसभर शोधत बसा. टेबल पुसलं, पाने मापाप्रमाणे लावले, टॅपेट कव्हरचं नवं पॅकिंग आणलं. छताच्या फळ्यांत, वर जाणाऱ्या पाइपाभोवती पंजाएवढं भोक आहे. त्यात कोणीतरी चिंध्या कोंबल्या होत्या, दडपून, दाबून. सगळ्या ओढून काढल्या. तेल पुसायला बऱ्या. भोकातून वर आमच्या पलंगाचा पाय दिसतो.

समोरच्या घरात पहिल्याचा भाऊ राहतो. धाकटा. विचारलं नसताना येऊन दारात उभा राहिला. मला साहेब म्हणाला, तेही घासात खडा लागल्यासारखं. म्हणे, ती गाडी उघडू नका, ओढून न्यायला माणूस बोलवा. मी म्हटलं, तुमचा सल्ला लागेल तेव्हा निरोप धाडीन. जाताना पुटपुटला, आयत्या बिळावर नागोबा. अंगाचा नुसता तिळपापड झाला!

संध्याकाळी बायकोला सरळ विचारलं, पहिला गेला कसा? तिने भिंतीकडे बघत सांगितलं. दोन वर्षांपूर्वी, रविवारी दुपारी. गॅरेजला आतून कडी, इंजिन चालू, छताचं भोक चिंध्यांनी बंद. अंगात शर्टसुद्धा नव्हता, तोही भोकात कोंबलेला. धूर बाहेर जाऊ नये म्हणून. सगळे म्हणाले, त्याने स्वतःच केलं. ती तेव्हा वरच झोपली होती. म्हणाली, मी एवढी जवळ होते, एक हाक नाही मारली हो त्याने.

खरं लिहितो. ऐकून मला बरं वाटलं. बायकोला टाकून पळालेल्या माणसाशी कसली बरोबरी करायची?

गुरुवार, ता. ६

सकाळी सातला गॅरेज उघडलं. टॅपेट कव्हरवर हात ठेवला. कोमट.

गाडी सोमवारनंतर सुरू केलेली नाही. गॅरेजमध्ये ऊन येत नाही. म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. धाकट्याकडे जुनी चावी असणार. काम उद्यावर.

बायकोचं डोकं उठल्यापासून दुखतंय.

शुक्रवार, ता. ७

आज नुसतं कोमट नाही, गरम. हात ठेवला तर ठेववत नाही.

तळपायाची आग मस्तकात गेली. धाकट्याला त्याच्या दारात जाऊन शेजाऱ्यांदेखत फैलावर घेतलं. तो ओरडला नाही, त्याचा जास्त राग आला. म्हणाला, दादाही मला हेच म्हणायचा. इंजिन गार होत नाही, तूच चावी घेतोस. त्या भांडणानंतर आम्ही बोललोच नाही, आणि मग तो गेला. मी म्हटलं, गोष्टी मला सांगू नकोस.

कुलूप बदललं. बॅटरी काढून वर नेली. मागच्या जाळीवर प्लायवूड ठोकलं, दाराखाली रबराची पट्टी मारली, बाजूच्या फटीत चिकटपट्टी. आता मुंगीसुद्धा आत येणार नाही. बघू कोण इंजिन तापवतं ते.

शनिवार, ता. ८

गरम. कुलूप जसंच्या तसं. चिकटपट्टीही.

चारही प्लग काढले आणि शर्टाच्या खिशात टाकले. प्लग नाहीत तर ठिणगी नाही, ठिणगी नाही तर इंजिन नाही. हे कोणालाही विचारा.

बायकोला उलटी झाली. डॉक्टर म्हणे, मनावर ताण आहे. घरी आल्यावर ती माझ्यावर तुटून पडली. म्हणाली, तुम्हीसुद्धा त्याच्यासारखेच, जेवायलाही वर येत नाही. त्याच्यासारखेच! मी ताट तसंच ठेवून खाली आलो. माझंही डोकं ठणकतंय. रागाने असेल.

सोमवार, ता. १०

चटका बसला. बोटांना फोड आलेत, म्हणून अक्षर असं.

टॅपेट कव्हर उघडलं. आतून ताजं तेल टपकत होतं, इंजिन आत्ता बंद केल्यावर टपकतं तसं. प्लग माझ्या खिशात. बॅटरी वर, कपाटात.

पुसायला कापड शोधताना टेबलाच्या खणामागे एक वही सापडली. पहिल्याची. आठ व्हॉल्व्हचे आठ रकाने आखलेत, सगळे कोरे. एकही माप घेता आलेलं नाही. समासात तारखेपुढे एकेक शब्द. कोमट. गरम. धाकट्याशी भांडलो. गरम. प्लग काढले. चटका. तिचं डोकं दुखतंय.

पुढची पानं कोरी.

मंगळवार, ता. ११

हरलो म्हणा. ओढून नेणाऱ्याला बोलावलंय, उद्या चारला येईल. बायकोला सांगितलं तर मी इथे आल्यापासून पहिल्यांदा हसली. माझा हात हातात घेऊन फोडांवर मलम लावलं. मी म्हटलं, आजच्यापुरती दुसऱ्या खोलीत झोप. नाही म्हणाली, माझ्याच घरात मी आणखी किती खोल्या सोडू?

उद्या गाडी जायच्या आधी एकदा हात ठेवून बघतो. एकदाच. गार असेल तर तासाभराचं काम आहे. खडखडती गाडी दिली तर धाकटा जन्मभर हसेल.

बुधवार, ता. १२. दुपारी दोन

गार आहे!

अगदी गार, नळाच्या पाण्यासारखं. बायको गोळी घेऊन वर झोपलीय. आतून कडी लावली, म्हणजे धाकटा डोकावणार नाही. पान्याने इंजिन हाताने फिरवतोय, लोण्यासारखं फिरतं. एक नंबरचा व्हॉल्व्ह सेट. पाती कशी बेताने सरकते! दुसरा सेट. पहिल्याला आठवड्यात जे जमलं नाही ते मी वीस मिनिटांत—

अडीच

पाना हातातून ओढला गेला. इंजिन आपोआप फिरलं. सुरू झालं.

प्लग माझ्या खिशात आहेत. मोजले. चार.

प्लगच्या चारही भोकांतून धूर. खडखड एवढी की मला माझाच आवाज—

कडी तापलीय. सरकत नाही. हातोडीने मारली. चिकटपट्टी, रबर, प्लायवूड, सगळं मीच— फोन वर राहिला.

पाय जड. टेबलाला धरून लिहितोय.

धूर वर चाललाय. सरळ वर, पाइपाकडे, भोकाकडे. वर पलंग. वर ती.

हाक मारली. खूप वेळा. उठत नाही.

चिंध्या. कुठे टाकल्या मी चिंध्या

सापडल्या. स्टुलावर चढून कोंबतोय. ह्याच त्या. ह्याच चिंध्या, ह्याच भोकात, त्याच्या हाताने. धूर बाहेर जाऊ नये म्हणून नाही. वर जाऊ नये म्हणून. तुझ्यापर्यंत जाऊ नये म्हणून. अगं, तो पळाला नव्हता. आणि मी त्याला काय काय—

एकदा पडलो. परत चढलो. एक कोपरा राहिलाय. चिंध्या पुरत नाहीत, तेल पुसून अर्ध्या मीच फेकल्या.

शर्ट काढतो. प्लग खिशातून काढून वहीजवळ ठेवलेत. तू मोज. चार आहेत. मग तुला पटेल.

ही वही धाकट्याला दे. त्याला सांग

भोक बंद झालं. तुझा पलंग आता दिसत नाही. बरं झालं.

ऐक. त्याने तुला हाक मारली होती. इंजिनच्या आवाजात ती तुला ऐकू