मसूदाबाईंचं फावडं

६ सप्टेंबर १९७८

निघताना बायकोने, सत्यवतीने, ही वही ट्रंकेत टाकली. म्हणाली, पत्रात सगळं मावत नाही, उरलेलं यात लिहा, आल्यावर वाचीन. बहारीनला येऊन दोन महिने झाले तरी वही कोरीच होती, कारण नजीबच्या खोलीत मांडी घालायलाही जागा नव्हती. नजीब आमचा कंत्राटदार. आमचे पासपोर्ट त्याच्या कपाटात आणि आम्ही त्याच्या खोलीत, दोन्हीकडे सारखीच कोंबाकोंब.

पण आज नशीब फिरलं. मनामात एका बाईंच्या घरातले सगळी दारं-खिडक्या दुरुस्त करायच्या आहेत आणि काम संपेपर्यंत तिथेच राहायचं आहे. स्वतंत्र खोली, पंखा, खिडकीबाहेर अंगणात बदामाचं झाड. दरवाजे तर आपल्याकडून आलेल्या सागाचे! रंध्याखाली तोच वास. बिजागऱ्या गेल्यात, लाकूड अजून खणखणीत आहे.

दाजी मला गाडीने सोडून गेले. दाजी म्हणजे आमच्याच वाडीतले, मुहर्रकला विमानतळावर गाडी चालवतात. व्हिसा त्यांनीच मिळवून दिला. चार मुलींचा बाप, पण थट्टा करण्यात अजून पोरसवदा. जाताना म्हणाले, राजवाड्यात ऱ्हवतंस आता, आमका विसरा नको.

१५ सप्टेंबर

घराच्या मालकीण मसूदाबाई. साठीच्या आसपास, ताठ, कमी बोलणाऱ्या. नवरा कापडाचा व्यापारी होता, मुंबईला ये-जा असायची, त्यामुळे बाईंना हिंदी येतं. स्वयंपाकाला हलिमा येते. तिची मासळी सत्यवतीच्या तोडीची नाही, पण हे वाचताना सत्यवतीला बरं वाटावं म्हणून लिहितो आहे, असं कुणी समजू नये.

बाई ज्यू आहेत. शुक्रवारी दिवस मावळला की शनिवारी दिवस मावळेपर्यंत ठोकाठोक बंद. मला नवल वाटलं नाही. मुंबईत एका बेने इस्रायली मास्तरांकडे दारं बसवली होती, ते अलिबागकडचे, घरात मराठीच बोलायचे. त्यांचाही शनिवार असाच.

मागच्या खोलीत मात्र माझं काम फक्त चौकटीचं. आतल्या कशालाही हात लावायचा नाही, असं बाईंनी बजावलं. आत आहे तरी काय? काचेच्या पेल्यात पाण्यावर तेल आणि त्यात जळणारी वात. बाजूला भिंतीला टेकवलेलं, गंज चढलेलं एक फावडं.

२८ सप्टेंबर

आज बाई आपण होऊन बोलल्या. मी चौकट घासत होतो, त्या स्टूल घेऊन बसल्या.

त्या मूळच्या ट्युनिसच्या. लढाईत जर्मनांनी ते शहर सहा महिने ताब्यात ठेवलं. ज्यूंच्या घरातल्या तरण्या पुरुषांनी कामावर यायचं, फावडं आणि कांबळं आपापलं आणायचं, असा हुकूम निघाला. बाईंचा धाकटा भाऊ घरातलं हेच फावडं घेऊन गेला. विमानतळाजवळच्या छावणीत दिवसभर तांबड्या, ओल्या मातीत चर खणायचे, बॉम्बनी पडलेले खड्डे बुजवायचे. वरून बॉम्ब पडू लागले की पहारेकरी खंदकात शिरत आणि खणणारे उघड्यावर. सकाळी शिटी वाजली की रांग लावायची. रांगेत माणूस कमी भरला, तर रस्त्यावरून जाणारा कुणीही असो, त्याला धरून उभा करत.

लढाई संपल्यावर भावाच्या सोबत्याने फावडं आणून दिलं. भाऊ आला नाही. लग्न होऊन बाई इकडे आल्या त्या फावडं घेऊनच, आणि तेव्हापासून दिवा कधी विझू दिलेला नाही. त्यांच्या डोळ्यात पाणी नव्हतं. माझ्या आलं.

१० ऑक्टोबर

आज खंडेनवमी. परमुलखात असलो म्हणून हत्यारांची पूजा चुकवणार नाही. करवत, रंधा, पटाशी पुसून पाटावर मांडली. बाई त्यांच्या मोठ्या उपासासाठी नातलगांकडे गेल्या आहेत, उद्या संध्याकाळी येतील. हलिमालाही सुट्टी.

आणि मला त्या फावड्याची दया आली. एवढी वर्षं त्याला कुणी पाणीही दाखवलेलं नाही. आणलं, गंज घासून काढला, हळदकुंकू लावलं, माझ्या हत्यारांत मांडलं. निरांजन नव्हतं म्हणून तो दिवाही आणून ठेवला. मग घरच्यासारखंच गाऱ्हाणं घातलं:

"बा देवा म्हाराजा, ह्या जाग्यार ज्याची कोणाची सत्ता चलता, तेका हात जोडून सांगतंय. मी परमुलखातलो लेकरू. चुकला-माकला पोटात घाल. तुझ्या चाकरीत मी कमी पडूचंय नाय."

घरी अशा वेळी सगळे मिळून 'व्हय म्हाराजा' म्हणतात. इथे कोण म्हणणार? पण मागच्या बाजूला कुठेतरी शिटी वाजली. गल्लीतली पोरं असतील. मी नमस्कार करून डोकं वर केलं तेव्हा दिवा विझला होता.

१२ ऑक्टोबर

बाईंनी फावड्यावरचं कुंकू पाहिलं. मी दिवा पुन्हा लावून ठेवला होता, तरी त्यांना कळलं. रागावतील असं वाटलं होतं, पण त्या मटकन खाली बसल्या. पूजा कशासाठी, असं विचारलं. मी सांगितलं, खंडेनवमीला हत्यारांना विश्रांती, दसऱ्यापासून ती पुन्हा नव्याने कामाला लागतात.

"मैंने इसको सुलाया था," त्या म्हणाल्या. "तुमने काम पे लगा दिया."

फार वाईट वाटलं. चांगलं करायला गेलो होतो.

१६ ऑक्टोबर

दुपारी सगळी गल्ली झोपते, तसा मीही आडवा झालो. उठलो तर तळहातांवर फोड. सुताराच्या हाताचे घट्टे वेगळ्या जागी असतात. हे फावडं मारल्याचे फोड आहेत.

पायांना तांबडी, ओली माती होती. इथे कुठेही खणा, पांढरी वाळू निघते. वास थेट आमच्या खाचरासारखा. क्षणभर बरं वाटलं, घरी गेल्यासारखं. मग घाईघाईने पाय धुऊन टाकले.

१९ ऑक्टोबर

रोज दुपारी तेच. हलिमा म्हणाली, काल तिने मला अंगणात बदामाखाली खणताना पाहिलं. भर उन्हात, डोळे उघडे. हाक मारली तर मी ओ दिली नाही. अंगणात खड्डा नाही, फरशी जशीच्या तशी आहे.

नजीबकडे गेलो. बायकोचे दिवस भरत आलेत, पासपोर्ट दे, असं सांगितलं. काम खलास कर, मग इंशाल्ला, असं म्हणून तो दुसऱ्या माणसाशी बोलू लागला.

२० ऑक्टोबर

दाजींना सगळं सांगितलं. आज त्यांनी थट्टा केली नाही. म्हणाले, गाऱ्हाण्याने बांधून घेतलंस, तर गाऱ्हाण्यानेच सोडवूया. नारळ घेऊन आले. त्यांनी गाऱ्हाणं घातलं, ह्या लेकराची चाकरी भरली, तेका मोकळो कर. 'व्हय म्हाराजा' मी म्हणायचं.

दोनदा मी म्हटलं. तिसऱ्या वेळी मी तोंड उघडायच्या आधीच उत्तर आलं. मागच्या खोलीतून, पुष्कळ पुरुषांचं, थकलेलं. देवाला देतात तसं नव्हे. हजेरीला देतात तसं.

दाजी पांढरेफटक पडले. नारळ फुटला नाही.

२२ ऑक्टोबर

बाईंना विचारलं, तुमचा भाऊ माझ्यावर का रागावलाय. त्यांनी मान हलवली.

"वहाँ हुकूम मेरे भाई का नहीं था, बेटा. हुकूम शिटीवाले का था."

आणि मी काय म्हटलं होतं? ज्याची सत्ता चालते त्याला सांगतो. त्या बिचाऱ्यांना नाही, मी त्यांच्या पहारेकऱ्याला हात जोडले. चाकरी कबूल केली.

आपल्याकडे जागेचा धनी म्हणजे सांभाळणारा. दुसरा कुणी असू शकतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

२३ ऑक्टोबर

पाहिले. खिडकीतून, जागेपणी. अंगणात रांग. कांबळी पांघरलेले, खप्पड गालांचे. आपल्या वाडीतलेच वाटावेत असे हात. शेवटचा अगदी तरुण, डोळे बाईंचे. तो मला खुणेने सांगत होता, आत जा. ओठ हलले. यल्ला. म्हणजे चल, लवकर.

शिटी वाजवणारा दिसत नाही. नुसते बूट वाजतात.

२४ ऑक्टोबर

बाईंनी दिवा माझ्या खोलीत आणून ठेवला. दुपारभर उजेडातून हलायचं नाही, म्हणाल्या. स्वतः दारात बसल्या. मी झोपलो नाही. फोड नवे आले नाहीत.

शिटी मात्र वाजत राहिली. पुन्हा पुन्हा. एक माणूस कमी—

२५ ऑक्टोबर

पासपोर्ट मिळाला! बाई स्वतः नजीबकडे गेल्या, काय बोलल्या कोण जाणे. उद्या दुपारचं विमान. दाजी गाडी घेऊन येतील. मागच्या दाराने, पुढे गल्लीत खणलंय.

सत्यवती, आता ही वही मीच वाचून दाखवीन. हसशील तू.

२६ ऑक्टोबर

ट्रंक भरली. दिवा समोर. बाई दारात.

शिटी. आज सारखी.

रांग लागली. शेवटची जागा मोकळी. माझी. उजेडात आहे तोवर शिटीवाला मला नेऊ शकत नाही, बाई म्हणतात. मग कुणाला—

रस्त्यावरून जाणारा कुणीही. बाईंनीच सांगितलं होतं. मी लिहून ठेवलंय, मागे.

गाडीचा हॉर्न. दाजी.

मागच्या दाराने येऊ नका म्हणून ओरडलो. आवाज पोचत नाही. बाईही ओरडतायत.

दार उघडलं. दाजी अंगणात. "गुंडू, चल रे, उशीर होता," म्हणाले. मग थांबले. कुणीतरी खांद्यावर हात ठेवल्यासारखे.

हातात फावडं. त्यांना ते कुणी दिलं ते कळलेलं नाही. हसतायत, माझी थट्टा वाटली असेल. तो तरुण त्यांना मागे ढकलतोय, जोर पुरत नाही.

चार मुली. आणि चाकरी मी कबूल केली होती, त्यांनी नाही.

बाई, दिवा सोडून मी जातोय. अडवू नका. वही दाजींकडे द्या. सत्यवती, मुलगा झाला तर त्याला सांग की बापाने कुणाच्या जबरदस्तीने नाही, स्वतःहून—

दाजी, बाजूक व्हा. ती जागा माझी हा. मी येतंय, मी—