सात नंबरचा कोट

४ एप्रिल, नागोया

आलो एकदाचा. एक्कावन्नाव्या वर्षी परदेशात नोकरी! कल्पना विमानतळावर म्हणाली, "अहो, तिथे तरी कुणाशी भांडू नका." हसलो. बत्तीस वर्षं कटर आहे. कापड चुकीचं बेतलं तर मी देवाशीही भांडेन.

दुकान छान आहे. ‘मोरिता’, १९०६ साली उघडलेलं. खाली कटिंगचं लांब टेबल, वर माझी खोली. मालकीण मोरिता-सान सत्तरीला टेकलेल्या, मूळ मालकाची नात. दुसऱ्या ओकुदा-सान, वय चौऱ्याहत्तर, पंचावन्न वर्षं इथेच काजं करतात. मुंबईत बारा वर्षं जपानी कंपनीचं काम केल्यामुळे कामापुरतं बोलता येतं, बाकीचं फोन बोलतो.

काम ऐकूनच मला इकडे यावंसं वाटलं. शरद ऋतूत प्रदर्शन आहे. १९०७ ते १९२९ या काळातले बारा सूट दुकानाच्या जुन्या मापवहीवरून शिवायचे, तेही त्या काळच्या पद्धतीने. आतला कॅनव्हास चिकटवायचा नाही, हाताने टाचायचा. गुडघ्यापर्यंत येणारा फ्रॉक कोट आहे. १९१०च्या सुमाराचे साधे सूट आहेत, चार बटणं पार छातीवर, कॉलरखालची दुमडलेली लॅपल बोटभर, खांद्यात कापूस अजिबात नाही. शेवटच्या दोन पँटी इतक्या रुंद की एका पायात मी आणि कल्पना दोघं मावू. असं काम मुंबईत आता कोण देतो? तिथे सगळे अंगाला चिकटलेले, ढुंगणाच्या वर संपणारे कोट मागतात.

९ एप्रिल

फ्रॉक कोट बेतून झाला. मोरिता-सान टेबलाशी बराच वेळ उभ्या राहिल्या, मग वाकून नमस्कार करून गेल्या. बरं वाटलं.

मापवही चाळली. प्रत्येक पानावर गिऱ्हाइकाचं नाव, धंदा, मापं. सात नंबरच्या पानावर नाव नाही, फक्त साल, कापड आणि मापं आहेत. १९११ सालचा, तीन बटणांचा, काळपट राखाडी. मापं इतकी सुडौल की असा माणूस मी टेबलापाशी कधी पाहिला नाही. दोन्ही खांदे अगदी सारखे. माणसाचे तसे कधी नसतात.

ओकुदा-सान म्हणाल्या की सात नंबर सगळ्यात शेवटी घ्यावा. मला क्रम शिकवतात! मी तो उद्याच घेणार.

१५ एप्रिल

सकाळी खाली आलो तर सात नंबरची डावी बाही उसवलेली. फाडलेली नाही, नीट, टाका टाका करून. दोरे टेबलाच्या कडेला ओळीने मांडलेले.

शनिवारचा अख्खा दिवस त्या मुंढ्यावर घालवला होता. मोरिता-सानना विचारलं. त्यांनी मान कलती केली, पुन्हा बसवाल का, म्हणाल्या. बसवली. पण कानशिलं तापली होती.

१८ एप्रिल

कॉलर उसवलेली. परवा पाठीची शिवण. बाकीच्या कोटांना हात नाही, फक्त सात नंबर.

किल्ल्या तिघांकडे आहेत. मी उसवलं नाही. मोरिता-सान सुईला हात लावत नाहीत. उरलं कोण? माझं काम पसंत नसेल तर तोंडावर सांगावं. मी रागीट आहे, पण पाठीमागे वार करणारा नाही.

१९ एप्रिल

आज मुद्दाम पहाटे साडेपाचला खाली येऊन पडद्यामागे बसलो. सहाला ओकुदा-सान आल्या. कोट काढला, चष्मा पुसला आणि छातीचा कॅनव्हास उसवायला लागल्या.

मी बाहेर आलो आणि सुटलोच. आधी जपानीत, मग मराठीत. चाळीस तासांचं काम! चोर म्हणालो, म्हातारे म्हणालो. शब्द कळले नसतील, सूर कळला असणार. मोरिता-सान आल्या तेव्हाही मी ओरडतच होतो. ओकुदा-साननी सुई टाचण्यांच्या गादीत खोचली आणि एवढंच म्हणाल्या, "हा कोट पुरा होऊ देऊ नका." का, ते सांगेनात. मी मोरिता-सानना सांगितलं, इथे एक तर ह्या राहतील किंवा मी.

ओकुदा-साननी बोटातलं अंगुस्तान रुमालात बांधलं, दुकानाला वाकून नमस्कार केला आणि गेल्या. मला वाईट वाटलं नाही. खरं लिहायचं तर बरं वाटलं.

२४ एप्रिल

कोट पुरा झाला. कॉलरला शेवटची इस्त्री दिली. इतकं चांगलं काम मी आयुष्यात केलेलं नाही.

कोट चढवायच्या बाहुलीवर बघून समाधान होईना म्हणून स्वतः घातला. गळा, छाती, पाठ, कंबर, सगळं जिथल्या तिथे. फक्त डाव्या खांद्याखाली एक चुणी. माझा डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली आहे, टेबलावर वाकून वाकून झालेला. आरशात बघून मोठ्याने म्हणालो, चूक कोटात नाही, माझ्यात आहे.

काढताना अस्तर पाठीला चिकटल्यासारखं वाटलं. उकाडा असेल.

२६ एप्रिल

दुपारी जेवून तासभर पडलो होतो. उठलो तर शर्टाच्या डाव्या खांद्यावर खडूच्या दोन रेघा. अर्धा इंच अंतर. आम्ही दुरुस्तीला मारतो तशा.

शर्ट काढला. खाली कातडीवरही त्याच.

दुकानात मोरिता-सान आणि मी, दोघंच. ही कसली थट्टा, म्हणून चढ्या आवाजात विचारलं. त्यांनी खांद्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. विचारलं, "कोट घातलात का?" मी हो म्हणालो. मग चहा ठेवायला गेल्या. मला या टाळाटाळीची चीड येते.

३० एप्रिल

दोन दिवस खांद्याच्या हाडात कळा. आज सकाळी थांबल्या. आरशासमोर उभा राहिलो. दोन्ही खांदे सारखे आहेत. मेजपट्टीने चारदा मोजलं.

दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, अंगाची ठेवण उत्तम आहे, जुन्या शिंप्यात असं दिसत नाही. अभिनंदन केलं माझं.

कातडीवर, गळ्यापासून दंडापर्यंत, केसाएवढी बारीक शिवण आहे. डॉक्टरांना दिसली नाही. मला दिसते. मी शिंपी आहे. टाके माझे नाहीत, माझ्यापेक्षा चांगले आहेत. याचाच जास्त राग आला.

१ मे

मोरिता-सानकडून पत्ता घेऊन ओकुदा-सानच्या घरी गेलो. इचिनोमिया, ट्रेनने पाव तास. दारातच पायांवर डोकं ठेवायला वाकलो. त्यांनी आत घेतलं.

मग त्यांनीच सगळं सांगितलं. मोरिता-सानचे आजोबा फार कडक होते. फिटिंगला चुणी पडली की गिऱ्हाइकावर ओरडत, कोट बरोबर आहे, तुम्ही चुकीचे आहात. एकेक गिऱ्हाईक तुटलं. मग कुणासाठीच नाही, फक्त बरोबर असा हा सात नंबरचा कोट बेतला. तो पुरा व्हायच्या आत, टेबलावरच गेले. त्यानंतर जो कुणी त्या मापांचा कोट पुरा करतो त्याला ते दुरुस्त करतात. पूर्वी ओसाकाचा एक कटर आला होता. त्याला ओकुदा-साननी आधी सांगून पाहिलं. तो हसला आणि त्याने कोट पुरा केला. म्हणून नंतर कुणालाच सांगितलं नाही. गुपचूप उसवत राहिल्या, चाळीस वर्षं.

मी विचारलं, त्या ओसाकावाल्याचं काय झालं?

"कोट त्याला बसला," म्हणाल्या.

इस्त्री बसल्यावर उसवून उपयोग नाही. आजच निघा, दुकानात पाऊल टाकू नका. मी विचारलं, मोरिता-सानना माहीत होतं का? त्यांनी मान खाली घातली. म्हणजे होतं.

मी त्यांना चोर म्हणालो होतो.

२ मे

रात्र इचिनोमियालाच काढली, पण आज दुकानात आलोच. पासपोर्ट वर आहे म्हणून, असं ट्रेनमध्ये स्वतःला सांगत होतो. खोटं. मला तो कोट फाडायचा होता.

मोरिता-सान सुट्टीला गेल्या. चिठ्ठी ठेवली आहे, क्षमा असावी. क्षमा! प्रदर्शनासाठी माणूस द्यायचा आणि क्षमा मागायची.

कात्री घेतली. दोरा तुटत नाही. पात्याला खाच पडली, अस्तरावर ओरखडा नाही. ओढला, दाताने ओढला –

विमान उद्या संध्याकाळचं. कल्पनाला कळवलं. ती म्हणाली, बाहेर जाऊन बसा, कुठेही, स्टेशनवर बसा. मी म्हणालो, माझ्या टेबलावरून मला कुणी हाकलणार नाही. ती रडायला लागली. फोन ठेवला. का ठेवला –

३ मे, सकाळ

बॅग भरली. खाली उतरलो. जिना संपला तिथे पुन्हा वरची खोली. तीनदा. खिडकीतून रस्ता दिसतो, सायकलवाले जातात, हाका मारल्या, कुणी वर बघत नाही.

फोन लागत नाही.

अंगावर कोट आहे. मी घातलेला नाही.

३ मे, दुपार

त्या म्हाताऱ्याने माझी छाती आत घेतली, कोटाची शिवण घेतात तशी. दुखलं नाही. तेच भयंकर –

उजव्या मनगटावर खडूची रेघ. हाडाच्या वर अर्धा इंच, गोल फिरवलेली. शर्टाचा कफ कोटाबाहेर किती दिसावा याचा त्या काळी नियम होता. माझा हात लांब पडतो.

कापायचा हात आहे तो. त्याच हाताने तुझा कोट पुरा केला, हरामखोरा –

डाव्या हाताने लिहितो आहे. उजवा आता टेबलावर आहे, हलत नाही, कुणी तरी दाबून –

ओरडून सांगितलं, माप चुकलं आहे तुझं. बाही आखूड बेतली आहेस तू, १९११ साली. हात बरोबर आहे माझा.

थांबला. कात्री खाली ठेवल्याचा आवाज आला. मेजपट्टी उलगडतो आहे. मोजू दे. शिंपी आहे, पुन्हा मोजलं की त्यालाही कळेल की चूक –